परवानगीशिवाय

सरकारी छापखान्यात तिला सगळे मात्राबाई म्हणत. एखादी मात्रा उडालेली असो, वेलांटी पहिलीची दुसरी झालेली असो, नाहीतर आकड्यातलं एखादं शून्य गळालेलं असो, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही, म्हणून हे नाव. ठेवणाऱ्याला वाटलं होतं, बाई चिडेल. बाई उलट खूश झाली. नवा कामगार भरती झाला की जुने त्याला बजावत, "त्या खोलीत जरा जपून. तिथं कुणाची मात्रा चालत नाही."

बाईचं काम प्रुफं वाचायचं. कायदे, नियम, अधिसूचना, सभागृहातली भाषणं, जे जे म्हणून सरकारच्या तोंडून निघायचं ते आधी या छापखान्यात यायचं, आणि तपासणाऱ्याची सही झाल्याशिवाय राजपत्रात जायचं नाही. राजपत्रात जे छापलं तो कायदा. मग ते बरोबर असो की चूक. म्हणून चूक होऊ द्यायची नाही, एवढी एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवून तिने सव्वीस वर्षं काढली होती.

खोली तळमजल्यावर, लांबट, उत्तरेकडे खिडक्या. भिंतीपलीकडे यंत्रं सुरू झाली की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरायचं. एका टेबलाशी दोघं बसायची. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर पेन्सिल धरून ऐकायचं. बाईसमोर एकोणीस वर्षं एकच माणूस वाचत होता. उंच, सडपातळ, आणि गळा असा खणखणीत की त्याचं नावच रेडिओ पडलं होतं. "स्वल्पविराम", "नवा परिच्छेद" आणि "मरेपर्यंत फाशी" हे सगळं तो एकाच सुरात म्हणायचा. दोघं डबा एकत्र खायची. त्याच्या बायकोची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा तिचं रक्त यंत्रावर शुद्ध करून आणायची वेळ आली, तेव्हा त्याला त्या दिवशी लवकर सोडावं म्हणून व्यवस्थापकाशी कचाकचा भांडली ती बाईच.

ते इस्पितळ मालकांचं होतं. कोणते मालक, असं तिकडे कुणी विचारत नसे. वीज त्यांची, सिमेंट त्यांचं, बंदर त्यांचं, तीनपैकी दोन वर्तमानपत्रं त्यांची. सरकारं यायची, जायची. सत्तेतल्यांना मालक फिरायला विमान द्यायचे, आणि विरोधातल्यांना दिलासा द्यायचे की पुढच्या खेपेला विमान तुम्हाला. मतदार रांगेत उभं राहून बदलायचे ते फक्त प्रवासी.

त्या वर्षी मालकांची नजर शहराजवळच्या तलावावर गेली. अर्ध्या शहराला तिथून पाणी यायचं. काठावर रसायनांचा कारखाना काढायचं त्यांनी ठरवलं आणि काठावरची माणसं बिथरली. बाईची धाकटी बहीण तिथेच दिलेली, तिचा नवरा मासे धरायचा. गावंच्या गावं रस्त्यावर येऊन बसली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तब्बल अकरा दिवस. निवडणूक वर्षावर आलेली, सरकारचे पाय लटपटले आणि घाईघाईने तलावाचा कायदा आला. त्यातलं बारावं कलम लोकांना हवं ते होतं: तलावाच्या काठापासून पाच किलोमीटरच्या आत कोणताही रासायनिक कारखाना उभारता येणार नाही. सभागृहाने एकमताने मंजूर केलं. बाकं वाजली.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. मागे नुसता गलका.

"ताई, ते विधेयक तूच वाचलंस ना गं? नीट वाचलंस ना?"

"काना-मात्रेसकट," बाई म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर नवऱ्याकडे बघून उगाचच हसली. नवरा शिलाई यंत्रं दुरुस्त करायचा. घराखालीच त्याचं दुकान. तो म्हणाला, "चला, तुमच्या छापखान्यातून एकदा तरी कामाचं काही निघालं."

दोन आठवड्यांनी मंजूर कायद्याची प्रत राजपत्रासाठी छापखान्यात आली. बारा पानं. रेडिओने नेहमीप्रमाणे घसा खाकरला आणि वाचायला लागला. बाईची पेन्सिल ओळीखालून सरकत होती. सातव्या पानावर तो म्हणाला, "कलम बारा. तलावाच्या काठापासून पाच किलोमीटरच्या आत, स्वल्पविराम, शासनाच्या परवानगीशिवाय, स्वल्पविराम, कोणताही रासायनिक कारखाना..."

पेन्सिल थांबली.

"परत वाच."

त्याने परत वाचलं. प्रुफात तसंच होतं, त्याच्या हातातल्या प्रतीत तसंच होतं. बाई उठली, कपाटातून सभागृहात मांडलेल्या विधेयकाची छापील प्रत काढली. त्यात ते दोन शब्द नव्हते. सभागृहाच्या कामकाजाचा अहवाल काढला. त्यातही कुणी दुरुस्ती सुचवलेली नव्हती. दोन स्वल्पविरामांच्या मध्ये दोन शब्द येऊन बसले होते आणि अकरा दिवस रस्त्यावर बसलेल्या माणसांच्या कायद्याचा पार चोथा झाला होता. कारखाना काढता येणार नाही. म्हणजे परवानगी असेल तर येईल. आणि परवानगी देणार कोण, तर सरकार.

"दाखव बघू ते पान."

बाकीच्या अकरा पानांवर सभापतींची निळ्या शाईतली सही होती. सातव्यावर नव्हती. बाकीची पानं सरकारी कागदाची, पिवळट, उजेडात धरली तर पलीकडची बोटं दिसावीत अशी. सातवं पान पांढरंशुभ्र आणि जाड. असा कागद सरकारने उभ्या जन्मात विकत घेतला नव्हता.

"मूळ प्रतीत आहे म्हणजे आहे," रेडिओ हळूच म्हणाला. तो हळू बोलू शकतो हे बाईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. "आपण प्रतीशी मेळ घालायचा. पुढचं आपल्याला काय करायचंय?"

"ही मूळ प्रत नाही."

तिने प्रुफावर सही केली नाही. समासात लिहिलं: पान सात अस्सल दिसत नाही, खुलासा यावा. आणि कागद व्यवस्थापकांकडे पाठवून दिले.

तासाभरात बोलावणं आलं. व्यवस्थापकांच्या खोलीत विधी खात्याचे एक अधिकारी खुर्चीच्या कडेवर बसले होते. व्यवस्थापकांच्या स्वतःच्या खुर्चीत मात्र भलताच माणूस बसला होता. चाळिशीचा, नितळ चेहऱ्याचा, अंगात सुरकुतीला शोधूनही जागा मिळू नये असा शर्ट. व्यवस्थापक, ज्यांच्या डरकाळीने कारकुनांच्या हातातून फायली पडायच्या, ते भिंतीला टेकून उभे होते.

"बाई, तुमची नजर फार तीक्ष्ण आहे म्हणे," शर्टवाला म्हणाला.

"कामच आहे ते."

"मग कामापुरतीच ठेवा ना. लेखनिकाची चूक होती, खात्याने सुधारून पाठवली. हो की नाही हो, साहेब?"

अधिकाऱ्यांनी मान हलवली. त्यांनी नक्की कशाला मान हलवली ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"सभागृहाने मंजूर केल्यावर खात्याला एक ठिपकासुद्धा हलवता येत नाही," बाई म्हणाली. "आणि सभापतींची सही कुठे आहे?" मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "आपण कोणत्या खात्याचे?"

तो मनापासून हसला. "तसं म्हटलं तर सगळ्याच."

त्या हसण्यात लाज नव्हती, भीती तर नव्हतीच. बाईच्या डोक्यात तिडीक गेली ती त्या हसण्याने. चोराने निदान मागच्या दाराने यावं, निदान आवाज न करता यावं. हा पुढच्या दाराने आला होता आणि घरातली माणसं त्याला खुर्ची देऊन उभी होती.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"नका करू," शर्टवाला म्हणाला. "एवढ्या मोठ्या छापखान्यात सही करणारा दुसरा कुणीच नाही का?"

होता. दुसऱ्या दिवशी राजपत्र बाहेर पडलं, कलम बारा त्या दोन शब्दांसकट. तपासणीच्या रकान्यात रेडिओची सही होती.

तो दुपारी डबा घेऊन नेहमीच्या जागी येऊन बसला. बाईने आपला डबा उचलला आणि खिडकीपाशी जाऊन उभ्याने खाऊ लागली. शेवटी तोच म्हणाला, "काल दुपारी इस्पितळातून फोन आला होता. म्हणाले, यंत्रांची दुरुस्ती निघाली आहे, तुमच्या मिसेसचा नंबर पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात, बाई! ती चार दिवस काढत नाही."

"आणि सही केल्यावर?"

"संध्याकाळी परत फोन आला. यंत्रं सुरू झाली म्हणाले."

बाईला त्याची दया आली आणि त्या दयेचाच राग आला. मालकांनी दोन शब्द घुसवायला एका बाईचं रक्त ओलीस धरलं होतं, आणि तिचा नवरा, बिचारा, त्यांच्या बाजूने गयावया करत होता. "माझ्याशी बोलू नकोस," ती म्हणाली. "त्यांच्याशी बोल. त्यांचा फोन येतो ना तुला?"

त्या आठवड्यात ती विधेयकाची जुनी छापील प्रत पिशवीत घालून एका विरोधी आमदाराकडे गेली. हा आमदार तलावाच्या आंदोलनात अकरापैकी चार दिवस रस्त्यावर बसला होता, त्याचे फोटोही आले होते. त्याने प्रत दोनदा वाचली, टेबलावर मूठ आपटली आणि म्हणाला, "ताई, तुम्ही देशावर उपकार केलेत. सोडत नाही मी यांना." आणि खरंच, सभागृहात ती प्रत आणि राजपत्र, दोन्ही उंच धरून त्याने असं भाषण ठोकलं की मालकांच्या नसलेल्या एकमेव वर्तमानपत्राने पहिलं पान त्याला दिलं. सरकारने चौकशी समिती नेमली.

समितीने तिघांच्या साक्षी घेतल्या: व्यवस्थापकांची, रेडिओची आणि बाईची. बाईने पान सात मागवा म्हणून सांगितलं. पान सात फाइलमध्ये सापडलं नाही. मग निष्कर्ष आला, आणि तो असा की वाचणाऱ्याने डोळे चोळावेत. "शासनाच्या परवानगीशिवाय" हे शब्द विधेयकाच्या मूळ हस्तलिखितात पहिल्यापासून होतेच. सभागृहासाठी विधेयक छापताना प्रूफ तपासणाऱ्या बाईंच्या निष्काळजीपणामुळे ते गळाले. सभासदांच्या हाती चुकीची प्रत गेली याबद्दल समितीला खेद वाटतो. राजपत्रातला मजकूर हाच खरा.

खाली रेडिओची साक्ष जोडली होती. "मी ते शब्द वाचले होते. त्यांच्याकडून राहिले असतील."

ते वाक्य बाईने दोनदा वाचलं. सव्वीस वर्षांत तिच्या हातून काही गळालं नव्हतं, आणि जे कधी नव्हतंच ते गळाल्याचा डाग आता तिच्या सेवापुस्तकात कायमचा बसला. दोन वेतनवाढी बंद, पद एक पायरी खाली, बदली गोदामात. बदलीच्या आदेशात "निष्काळजीपणा"तला "ष" चुकीचा होता आणि तिचं पदनाम दोनदा दोन चुकीच्या तऱ्हांनी लिहिलं होतं. तिने लाल पेन्सिलीने तिन्ही दुरुस्त्या केल्या, समासात सही केली आणि आदेश आला तसा परत पाठवून दिला. कचेरीत दिवसभर त्याचीच चर्चा. पण बदली काही टळली नाही.

गोदामात कागदाची रिमं, पत्र्याचं छत, आणि सोबतीला एक पहारेकरी, जो दुपारभर घोरायचा. घरी नवरा म्हणाला, "सोड आता. सगळ्यांना ठाऊक आहे तू काय आहेस ते."

"कुणाला ठाऊक आहे? कागदावर लिहिलंय, माझ्याकडून राहिलं. उद्या कुणी उघडून बघेल तर हेच वाचेल."

"कोण बघतंय उघडून?"

"मी बघायचे," बाई म्हणाली. "तेवढ्यासाठीच पगार घेत होते."

मग निवडणूक झाली. लोक चिडलेले होतेच. सरकार सपाटून पडलं. तो विरोधी आमदार मंत्री झाला, आणि खातं मिळालं तेही विधी. धाकटीने फोनवर अक्षरशः उड्या मारल्या. बाईने फार आशा धरली नाही, पण रजा टाकली, ठेवणीतले कपडे घातले आणि मंत्र्यांच्या कचेरीत गेली.

बाहेरच्या खोलीत पंधरा-वीस माणसं ताटकळत होती. दीड तास झाला. आतलं दार उघडलं आणि मंत्री स्वतः एका पाहुण्याला दारापर्यंत सोडायला आले. पाहुण्याच्या अंगात तोच शर्ट. निदान त्याच थानातला. त्याने बाईला ओळखलं, कारण अशी माणसं कुणाला विसरत नाहीत. "अरे, बाई! डोळे कसे आहेत?" एवढं विचारून, उत्तराची वाट न बघता तो निघून गेला.

मंत्र्यांनी तिला आत नेलं. पाणी मागवलं. मूठ वगैरे काही आपटली नाही.

"ताई, तुमच्यावर अन्याय झाला, मी नाकारत नाही. पण राज्य चालवायचं म्हणजे... आता बघा, कारखान्यात तीन हजार माणसं लागणार. ती आपलीच ना?"

"तुम्ही चार दिवस रस्त्यावर बसला होतात."

"तेव्हा माहिती अपुरी होती."

"आणि आत्ता जे गेले, त्यांनी पुरी केली?"

त्यांचा चेहरा कडक झाला. "आम्ही कायदा दुरुस्त करतोय. सगळी संदिग्धता जाईल. तुमच्या वेतनवाढीचंही बघतो."

"मला वाढ नको. माझ्या पुस्तकातलं ते वाक्य काढा."

"ते काढलं तर राजपत्र चूक ठरेल," मंत्री म्हणाले, आणि तेवढं एकच वाक्य ते त्या दिवशी खरं बोलले.

दुरुस्ती आली. एका ओळीची. बाराव्या कलमातले "शासनाच्या परवानगीशिवाय" हे शब्द कायदा अस्तित्वात आल्या दिवसापासून त्यात होते असे मानण्यात येईल. मागच्या वेळी त्यांना रात्रीतून पान बदलावं लागलं होतं. या वेळी दिवसाढवळ्या हात वर करून मंजूर केलं. सत्तेतले आणि विरोधातले, दोघांचेही हात वर. पुन्हा बाकं वाजली.

काठावरची माणसं कोर्टात गेली. बाईने साक्ष दिली. कागदाचा रंग, जाडी, सही, स्वल्पविराम, सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं. निकालात तिच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नसल्याचं लिहिलं, आणि पुढच्याच परिच्छेदात लिहिलं की कायद्यानेच जे होतं असं मानायला सांगितलं आहे, ते नव्हतं असं कोर्टाला मानता येत नाही. कोर्टाच्या पायऱ्यांवर तिला रेडिओ भेटला. बायको जाऊन दोन महिने झाले होते, हे त्याच्याकडे बघूनच कळत होतं. तो म्हणाला, "बाई, आता मी खरं सांगायला तयार आहे."

"आता?" बाई म्हणाली. "आता कुणाला सांगतोस? मला ठाऊकच आहे." आणि ती खाली उतरून गेली. नवरा नंतर म्हणाला, जरा तरी थांबायचंस. ती म्हणाली, "नाही थांबवलं माझ्याने." त्याची बायको गेल्याचं दुःख तिला झालं होतं, घरी येऊन ती रडलीही. पण माफी तिच्या आतून येईना, आणि न आलेली गोष्ट आली म्हणणं तिला जमण्यातलं नव्हतं.

कारखाना उभा राहिला. पहिल्या तीन वर्षांत काठचे मासे संपले. धाकटीच्या नवऱ्याला होडी विकून कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी धरावी लागली. अकरा दिवस ज्या रस्त्यावर बसला होता त्याच रस्त्याने तो गणवेश घालून जायचा. त्यावरून बहिणींचं वाजलं. बाई नको ते बोलून गेली. धाकटी म्हणाली, "ताई, तुला सही न करणं परवडलं. तुझ्या नवऱ्याचं दुकान आहे. आमच्याकडे काय होतं?" वर्षभर दोघी बोलल्या नाहीत.

बाई निवृत्त झाली ती गोदामातूनच. निरोप समारंभ तिने करू दिला नाही. दर महिन्याला विधी खात्यात जाऊन पान सातची प्रत मिळावी म्हणून अर्ज देत राहिली. दर वेळी उत्तर एकच: उपलब्ध नाही. मंत्री बदलले, कारकून बदलले, उत्तर तसंच राहिलं.

मालक वारले त्या दिवशी सरकारने दुखवटा जाहीर केला. कचेऱ्या बंद, झेंडे अर्ध्यावर. फाटकावरच्या लोकांना भरपगारी सुट्टी मिळाली, म्हणून धाकटी आणि तिचा नवरा पुष्कळ दिवसांनी बाईकडे आले. चौघं टीव्हीसमोर बसली. पडद्यावर पडलेल्या सरकारचा प्रमुख आणि चालू सरकारचा प्रमुख, एकमेकांचं तोंड न बघणारे, शवपेटीला शेजारी शेजारी खांदा देत होते. दोघांचेही डोळे ओले होते.

"काय रडतायत बघ," नवरा म्हणाला.

"रडणारच," बाई म्हणाली. "घरातला कर्ता गेला."

धाकटी फिसकन हसली. मग तोंडावर हात धरून, नवऱ्याकडे चोरून बघत, परत हसली. बाईही हसली. दोघींना एकत्र हसून किती दिवस झाले होते कुणास ठाऊक.

"मुलगा कसा आहे म्हणे, आता सगळं बघणारा?" बाईच्या नवऱ्याने विचारलं.

"चांगला आहे," पहारेकरी मेहुणा जरा ताठ बसून म्हणाला. "अहंकार नाही. फाटकावरच्या माणसांनासुद्धा नावाने हाक मारतो."

"बापाचंही तसंच होतं," बाई म्हणाली. "मंत्र्यांना नावाने हाक मारायचा, आणि ते धावत यायचे."

धाकटीने उठून टीव्ही बंद केला आणि विचारलं, "ताई, त्या अर्जाचं काय झालं गं?"

"सोमवारी जायचंय," बाई म्हणाली. "येतेस?"

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. "सोमवारी नाही जमणार," ती म्हणाली. "पण कधी जातेस ते कळवत जा."